कोकणातल्या एका गुन्ह्याचा समाजशास्त्रीय अभ्यास कसा करावा

'आमच्या तालुक्यातील गुन्हेगारी' हा प्रकल्प समाजशास्त्राच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी घेतंच. पहिली वीसेक पानं दुर्खीमपासून बेकरपर्यंतच्या समाजशास्त्रज्ञांनी केलेल्या व्याख्यांची, मग वर्तमानपत्रांतली कात्रणं, आणि शेवटी 'बेरोजगारी व व्यसनाधीनता ही प्रमुख कारणे आढळली' असा निष्कर्ष. सिद्धांत आणि कात्रणं यांची कुठेच गाठ पडत नाही. असं होतं, कारण सिद्धांत तयार उत्तर म्हणून वापरला जातो. प्रत्यक्षात प्रत्येक सिद्धांत वेगळा प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नासाठी वेगळ्या दप्तराकडे, वेगळ्या माणसाकडे जावं लागतं. पुढची पद्धत रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे समोर ठेवून मांडली आहे.

आधी कृती ठरवा

'गुन्हेगारी' अभ्यासता येत नाही, एक ठरावीक कृती अभ्यासता येते. कृती, जागा आणि काळ या तिन्ही गोष्टी एका वाक्यात बसल्या पाहिजेत. 'सावंतवाडी तालुक्यातून होणारी गोवा बनावटीच्या दारूची वाहतूक, मागची ५ वर्षे' हा विषय चालेल. 'तरुणाई आणि अंमली पदार्थ' चालणार नाही, त्यातून फक्त भाषण निघतं.

मग त्या कृतीला दोन प्रश्न लावा. ती कायदा मोडते का? आणि ती ज्या गटात घडते त्या गटाचा नियम मोडते का? पहिल्याचं उत्तर हो असेल तर तो गुन्हा, दुसऱ्याचं हो असेल तर ते विचलन. दोन्ही उत्तरं वेगवेगळी लिहा, कारण कोकणात ती फार वेळा जुळत नाहीत. बंद घर फोडणं हे दोन्ही आहे. जातीबाहेर लग्न करणं गुन्हा नाही, पण कित्येक गावांत आजही ते विचलन धरलं जातं. साधारण १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात यांत्रिक नौका समुद्रात नेणं हा कायद्याचा भंग आहे. नौकामालकांच्या कोंडाळ्यात त्याला कदाचित कुणी वावगं म्हणणार नाही, पण त्याच बंदरावरचा रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा पारंपरिक मच्छीमार, त्याला सरळ चोरी म्हणेल. म्हणजे एकाच धक्क्यावर दोन गट आणि दोन उत्तरं. कोणत्या गटाच्या नजरेतून लिहीत आहात हे पहिल्याच पानावर सांगा.

वाळीत टाकण्याचं प्रकरण घेतलं तर हे कोष्टक आणखी गुंतागुंतीचं होतं. गावकीचा, म्हणजे गावकऱ्यांच्या पारंपरिक पंचायतीचा, नियम मोडला म्हणून एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकलं जातं. तिथे विचलित ते कुटुंब. पण महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्यानुसार बहिष्कार घालणारी गावकीच गुन्हेगार ठरते, आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अशा विषयात दोन स्वतंत्र प्रकरणं लिहावी लागतात: कुटुंबाच्या कृतीचं एक, गावकीच्या कृतीचं दुसरं.

प्रश्नावरून सिद्धांत निवडा

इथे घाई करू नका. सगळी चूक याच टप्प्यावर होते.

प्रश्न 'हे इथेच आणि आत्ताच का घडतं?' असा असेल तर कोहेन आणि फेल्सन यांचा १९७९ चा दैनंदिन व्यवहाराचा सिद्धांत घ्या. त्यांच्या मते गुन्ह्यासाठी तीन गोष्टी एका जागी आणि एका वेळी जुळाव्या लागतात: तयारीचा माणूस, हाताला लागण्याजोगी वस्तू, आणि राखणदाराची गैरहजेरी. कोकणातल्या बंद घरांना हा सिद्धांत चपखल बसतो. सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. माणसं मुंबईला, घराला कुलूप, आणि तांब्या-पितळेची भांडी आत.

पण इथे एक सापळा आहे. घरफोडीचे एफआयआर महिन्यावार मांडले तर गणपतीत आणि मे महिन्यात आकडा फुगू शकतो, आणि विद्यार्थी लगेच लिहितो की सणासुदीला चोऱ्या वाढतात. चाकरमानी तेव्हा घरी येतो, कुलूप तुटलेलं बघतो आणि तक्रार देतो. चोरी कदाचित मार्चमध्येच झालेली असते. एफआयआरच्या नमुन्यात घटना कधीपासून कधीपर्यंत घडली याचा रकाना वेगळा असतो आणि ठाण्यात माहिती मिळाल्याच्या तारखेचा वेगळा. नेहमी पहिला रकाना घ्या. त्यातला अवधी तीन-चार महिन्यांचा असेल तर ते प्रकरण एका महिन्यात ढकलू नका, 'अवधी अनिश्चित' असा वेगळा गट करा. आंब्याच्या बागेतल्या चोरीला ही अडचण फारशी येत नाही, कारण हंगामात बागेवर राखण असते आणि चोरी दुसऱ्या दिवशी सकाळीच कळते.

प्रश्न 'एवढे लोक या वाटेला का लागतात?' असा असेल तर मर्टनकडे वळा. त्याचा १९३८ चा लेख सांगतो की समाज सगळ्यांपुढे सारखंच ध्येय ठेवतो, पण तिथे पोचण्याचे मान्य मार्ग सगळ्यांना सारखे देत नाही. या ताणाला माणसं पाच तऱ्हांनी तोंड देतात: अनुसरण (ध्येय आणि मार्ग दोन्ही मान्य), नवमार्ग (ध्येय मान्य, मार्ग वेगळा), कर्मकांड (ध्येय सोडून मार्ग तेवढा धरणं), पलायन (दोन्ही सोडणं) आणि बंड (दोन्हींच्या जागी नवं आणणं). मर्टनचा सर्वांत जास्त होणारा गैरवापर म्हणजे 'गरिबीमुळे गुन्हे होतात' एवढंच त्याच्या नावावर खपवणं. तो असं म्हणत नाही. गरिबी आणि मोठ्या यशाची सर्वांना सारखी घातलेली आस, ही दोन्ही एकत्र आली की ताण वाढतो, असं तो म्हणतो. म्हणून आधी ध्येय दाखवून द्या: स्लॅबचं घर, स्वतःची नौका, मुलाचं इंजिनिअरिंग, जे असेल ते. मग मार्ग कुठे अडला ते दाखवा. आणि त्याच वाडीतली, तेवढ्याच उत्पन्नाची, पण त्या वाटेला न गेलेली माणसं तुलनेला घ्या. ही तुलना नसेल तर मर्टन लावूच नका. ताण दोघांवरही होता असं दिसलं, तर फरक दुसऱ्याच कशाने पडला. हर्शीचे १९६९ चे चार बंध तिथे उपयोगी पडतात: आपुलकी, गमावण्यासारखं काही असणं, कामात गुंतलेलं असणं, आणि नियमावर विश्वास.

प्रश्न 'हे शिकलं कसं जातं?' असा असेल तर सदरलँड. १९४७ मध्ये त्याने आपला विभेदी साहचर्याचा सिद्धांत नऊ विधानांत पक्का केला. गुन्ह्याचं तंत्र आणि त्यामागची समजूत माणूस जवळच्या माणसांकडूनच शिकतो. आणि तो संबंध किती वेळा आला, किती काळ टिकला, किती लवकर सुरू झाला, किती जिव्हाळ्याचा होता यावर परिणाम ठरतो. एलईडी दिवे लावून पर्ससीन जाळ्याने (माशांच्या थव्याला वेढून खालून आवळायच्या मोठ्या जाळ्याने) केलेल्या मासेमारीचा अभ्यास याच चौकटीत चांगला होतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, तरी तंत्र किनाऱ्यावर पसरत राहिलं. मग विचारा: बंदरात या दिव्यांसाठी पहिला जनरेटर कुणाच्या नौकेवर चढला, दुसऱ्याने तो कुणाचा बघितला, खलाशी एका नौकेवरून दुसऱ्या नौकेवर गेला तेव्हा काय घेऊन गेला, तांडेल, म्हणजे नौका चालवणारा प्रमुख, कुठून आला. नावं न लिहिता, आकड्यांनी खुणा करून हा क्रम कागदावर मांडा. क्रम मिळाला तर सदरलँडला आधार आहे. सगळ्यांनी एकाच वेळी एकाच व्यापाऱ्याकडून उचल घेऊन सुरुवात केली असेल, तर ती शिकण्याची गोष्ट उरत नाही, ती भांडवलाची होते.

सदरलँडला जोडून साइक्स आणि मॅट्झा यांचा १९५७ चा लेख वाचाच. नियम मान्य असूनही माणूस तो मोडतो, तेव्हा पाच प्रकारे मन मोकळं करून घेतो. 'मालकाने सांगितलं, मी साधा खलाशी' हे जबाबदारी नाकारणं. 'एवढ्या दर्यात एका नौकेने काय कमी होतंय' हे नुकसान नाकारणं. 'रापणकर तरी कुठे साधे आहेत, त्यांना हेच पाहिजे होतं' हे बळी नाकारणं. 'अधिकारी तरी कुठे धुतल्या तांदळाचे' हे उलटा आरोप करणं. 'घरातली पोरं उपाशी ठेवू?' हे वरच्या निष्ठेचा आधार घेणं. मुलाखतीतली वाक्यं या पाच गटांत वाटणं सोपं आहे, म्हणूनच सावध राहा. सिद्धांत म्हणतो की ही समजूत कृतीच्या आधी असते. तुम्हाला ऐकू येतं ते कृतीनंतरचं बोलणं. नव्याने कामावर लागलेल्या, अजून बंदीत समुद्रावर न गेलेल्या खलाशांकडून तीच वाक्यं मिळाली, तरच आधीची समजूत सिद्ध होते.

नियम कुणी केला, पकडलं कुणाला

गोव्याच्या हद्दीतल्या पत्रादेवीला कायद्याने घेतलेली बाटली काही मिनिटांत महाराष्ट्रातल्या बांद्याच्या बाजूला आली की महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा ठरते. बाटली तीच, माणूस तोच. बेकरने १९६३ मध्ये नेमकं हेच मांडलं: विचलन कृतीच्या अंगी नसतं, गट नियम करतो आणि तो काही माणसांना लावतो तेव्हा ते तयार होतं. म्हणून बेकर वापरताना 'दारू का नेतात' हा प्रश्न सोडून द्या. करातल्या फरकाने त्याचं उत्तर आधीच दिलेलं आहे. प्रश्न असा घ्या: नाक्यावर कुठली वाहनं थांबवली जातात आणि कुठली सोडली जातात? आरोपी म्हणून फक्त चालकाचं नाव आहे की माल मागवणाऱ्याचंही? किती प्रकरणांत 'मालक अज्ञात' राहिला? पर्यटकाच्या गाडीतल्या बाटल्या आणि टेम्पोतले बॉक्स यांना वेगळी वागणूक मिळते का?

लेमर्टचा १९५१ चा भेद इथे जोडा. पहिलं विचलन कुणाकडूनही घडतं आणि विरून जातं. शिक्का बसल्यावर माणूस त्या शिक्क्याभोवतीच आयुष्य रचू लागतो, ते दुसरं विचलन. रायगडमधल्या कातकऱ्यांकडे पाहिलं तर शिक्क्याचं वजन कळतं. खैरापासून काथ पाडून जगणारा हा समाज. वसाहती वनकायद्यांनी त्याचं जंगल बंद केलं, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच गुन्हेगार हा ठपका त्याच्यावर आणला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावात चोरी झाली की पहिली नजर कातकरीवाडीकडे वळण्याची सवय कायद्याबरोबर संपली नाही. हाच शिक्का आज बागेत राखण करणाऱ्या नेपाळ्यावर आणि परप्रांतीय खलाशावर बसतो. संशयित म्हणून बोलावलेले आणि शेवटी दोषी ठरलेले यांतलं अंतर ज्या गटाच्या बाबतीत मोठं, तिथे शिक्का काम करतो आहे असं म्हणायला आधार मिळतो.

दुर्खीमचा उपयोग याच्याही पलीकडचा आहे. अमक्याने चोरी का केली हे त्याला विचारू नका, तो त्याचा प्रश्नच नव्हता. समाज एखाद्या कृतीवर एवढा का चवताळतो, आणि त्या चवताळण्याने समाजाचं काय होतं, हे तो सांगतो. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं आणि गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. १९५८ मध्ये देशाने त्यांना भारतरत्न दिलं. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी पिणं हे सवर्ण महाडच्या लेखी घोर विचलन होतं. आजचं विचलन कधी कधी उद्याची नीती असते, हे दुर्खीमने १८९५ मध्ये सॉक्रेटिसच्या उदाहरणाने मांडलं. कोकणातल्या विद्यार्थ्याने त्यासाठी अथेन्सला जायची गरज नाही. रायगडमधल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल कायदा मोडणाऱ्यांवर गोळीबार झाला, आज तिथे हुतात्म्यांचं स्मारक आहे. फक्त एक काळजी घ्या: प्रत्येक विचलन सुधारणा नसतं. एलईडीवाल्याला चवदार तळ्याच्या पंगतीला बसवणं हा सत्याग्रहींवर अन्याय आहे.

कागद कुठे मिळतात

कोकणातले बरेच नियमभंग पोलीस ठाण्यात पोचतच नाहीत. पर्ससीन, बंदीतली मासेमारी ही प्रकरणं मत्स्यव्यवसाय विभागाकडे असतात. १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाल्यावर त्यांचा निवाडा तहसीलदारांऐवजी मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे गेला, म्हणून जुनी प्रकरणं तहसीलमध्ये आणि नवी या विभागात शोधा. खाडीतला बेकायदा वाळू उपसा महसूलकडे. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि पुष्कळदा गोष्ट तिथेच मिटते. खैरतोड वनपरिक्षेत्र कार्यालयात वनगुन्हा म्हणून नोंदते. दारूची प्रकरणं पोलीस आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग अशा दोन ठिकाणी वेगवेगळी असतात, एकाकडचाच आकडा घेतला की अर्धं चित्र हाती येतं. पैसेवाल्यांचे नियमभंग दंडाच्या पावतीवर संपतात आणि गुन्हेगारीच्या आकडेवारीत येत नाहीत, हे सदरलँडने पांढरपेशा गुन्हेगारीबद्दल १९३९ मध्येच सांगून ठेवलं आहे. वाळू उपसणाऱ्या ड्रेजरचा मालक आणि बागेतून दोन पेट्या आंबा उचलणारा पोरगा यांच्या कागदांचा रंगच वेगळा.

माहितीच्या अधिकारात अर्ज करताना महाराष्ट्रात १५० शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय लागतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. उत्तराची मुदत ३० दिवस. 'अवैध मासेमारीची सर्व माहिती द्यावी' असं लिहिलंत तर अर्ज परत येईल. वर्ष, कायद्याचं कलम आणि हवे असलेले रकाने लिहा: प्रकरणाची तारीख, नौकेचा प्रकार, ठोठावलेला दंड, वसूल झालेला दंड. ठोठावलेला आणि वसूल झालेला हे दोन आकडे वेगळे मागायला विसरू नका. एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळतात, मात्र लैंगिक आणि इतर संवेदनशील गुन्ह्यांचे तिथे टाकले जात नाहीत; तिथे दिसत नाही म्हणजे घडलं नाही, असं समजू नका. निकालासाठी ई-कोर्टचं संकेतस्थळ पाहा.

आकडे वाचताना

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याआधीच्या आणि नंतरच्या रत्नागिरीची थेट तुलना केली तर गुन्हे एकाएकी घटल्यासारखे दिसतील.

एनसीआरबी, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणारी केंद्रीय संस्था, एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तरी सर्वांत गंभीर तेवढाच मोजते. एकाच एफआयआरमध्ये खून आणि चोरी असतील तर चोरीच्या रकान्यात ती सापडणार नाही.

दर एक लाखामागे काढतात, आणि छोट्या तालुक्यात तो फसवतो. ६०,००० वस्तीच्या तालुक्यात एका वर्षी ३ खून आणि पुढच्या वर्षी ६ झाले, तर दर ५ वरून १० वर जातो आणि बातमी होते 'खुनांत दुप्पट वाढ'. वाढ तीन घटनांची आहे. अशा ठिकाणी किमान ५ वर्षांची बेरीज घ्या. शिवाय मे महिन्यात आणि गणपतीत वस्ती फुगते, पण भागाकार जनगणनेच्या आकड्यानेच होतो.

दारूबंदीच्या केसेस वाढल्या म्हणजे दारू वाढली असं नाही. ३१ डिसेंबरच्या आधी किंवा आचारसंहितेत खास मोहिमा निघतात, तेव्हा छापे वाढतात. असे आकडे विभागाच्या हालचालीचे असतात.

माणसांशी बोलताना

१२ ते १५ लांब मुलाखती एका प्रकल्पाला पुरतात, जर त्या तीन बाजूंच्या असतील: करणारे, झळ बसलेले, आणि नियम राबवणारे. पोलिसांच्या किंवा सरपंचाच्या गाडीतून वाडीवर जाऊ नका. तिथून उतरलात की पुढचं प्रत्येक उत्तर त्या गाडीला दिलेलं असतं. 'तुम्ही बंदीत जाता का' असं विचारू नका. 'बंदीत जाणारे का जात असतील' असं विचारा आणि गप्प बसा. मिरग निघाल्यावर नौका वर ओढलेल्या असतात, जाळी शिवायचं काम चालू असतं. मासेमारीवर बोलायला तोच काळ चांगला. आंब्यावर एप्रिल-मेमध्ये कुणी बोलणार नाही.

संशोधकाला वकिलासारखं गोपनीयतेचं कायदेशीर संरक्षण नाही, पोलीस तुमच्या वहीची मागणी करू शकतात. म्हणून नाव, नौकेचा क्रमांक, गाडीचा नंबर वहीत येऊच देऊ नका. बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर पोक्सो कायद्याने ती कळवणं बंधनकारक आहे. मुलाखतीच्या आधीच ही मर्यादा समोरच्याला सांगा. आणि गावाचं नाव बदललं म्हणजे माणूस लपला असं नाही. 'माजी सरपंच, दोन नौकांचे मालक, मुलगा दुबईला' एवढ्यावरून अख्खी खाडी त्याला ओळखते. असे तीन तपशील एका वाक्यात कधीच एकत्र आणू नका.

लिहिताना

कच्चा मजकूर तयार झाला की निवडलेला सिद्धांत पाडून बघा. त्याच्याविरुद्ध जाणारं किमान एक प्रकरण तुमच्याकडे असलं पाहिजे: राखण असूनही चोरी झालेली बाग, पैशाची चणचण असूनही बंदी पाळणारा नौकामालक, शिक्का बसूनही त्यातून बाहेर पडलेला माणूस. असं प्रकरण एकही नसेल, तर तुम्ही शोधलं नाही किंवा ऐकू आलेलं सोडून दिलं. ते प्रकरण परिशिष्टात दडवू नका, मुख्य प्रकरणात घ्या आणि सिद्धांत तिथे का अडला ते लिहा. दोन सिद्धांत पुरे. पाच लावले तर एकही नीट तपासला जात नाही.

निष्कर्षाचं वाक्य तुमच्या कागदांच्या पुढे धावता कामा नये. 'सावंतवाडी तालुक्यात दारूची तस्करी वाढली आहे' हे तुम्हाला माहीत नाही. 'या ५ वर्षांत नाक्यावर नोंदलेल्या प्रकरणांपैकी इतक्यांत फक्त चालक आरोपी आहे आणि माल मागवणाऱ्याचं नाव नाही' हे तुम्हाला माहीत आहे, आणि बेकर लावायला तेवढं पुरतं. माहितीच्या अधिकारातली उत्तरं जावक क्रमांकासह परिशिष्टात जोडा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला त्याच आकड्यांच्या पुढचे आकडे मागता येतील.